ग्रास्प किट : हात काम करतो, पण कसा करतो?

मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटचे हात तपासायला मी ग्रास्प वापरते; हाताची ताकद, स्पर्श आणि पकड ती मोजते. टोरंटोच्या सुखविंदर कल्सी-रायन आणि सहकाऱ्यांनी घडवलेली ही चाचणी. पेटीत बाटली, बरण्या, किल्ली, नाणी, खुंट्या, नट-बोल्ट आणि स्पर्श तपासायचे नायलॉनचे तंतू.

मज्जारज्जूच्या इजेसाठी नेहमी करतात त्या आसिया तपासणीत एका हाताचे ५ स्नायू मोजतात. अंगठ्याचा एकही नाही. अंगठ्याशिवाय पकड कसली? ग्रास्पमध्ये १० स्नायू आहेत आणि अंगठाही आहे. माझ्यासारख्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला एवढ्यासाठीच ती घ्यावीशी वाटेल.

पण खरी किंमत गुण देण्याच्या पद्धतीत आहे. सी-६ची, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवरची, इजा असलेल्या एका मुलाने चारही नाणी फटीत टाकली. मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, ती टेनोडेसिसची पकड वापरून. शेजारी उभ्या आईचे डोळे भरून आले. मी ५ पैकी ३ लिहिले.

"मॅडम, पडली ना सगळी नाणी?" मुलाने विचारलं.

पडली होती. पण ४ किंवा ५ मिळतात ते बोटांनी नेहमीची पकड धरली तरच. औषधाने किंवा विद्युत-उत्तेजनाने नसा जाग्या झाल्या, की पेशंटने सरावाने युक्ती कमावली, हे नव्या उपचारांच्या ट्रायलमध्ये वेगळं कळायलाच हवं. त्वचेवरून मज्जारज्जूला उत्तेजन देणाऱ्या अप-लिफ्ट ट्रायलमध्ये ६० पैकी ४३ जणांची ताकद आणि हाताचं काम दोन्ही सुधारलं, असा निष्कर्ष २०२४ साली आला. तिथेही मोजमापांत ग्रास्प होती.

त्या मुलाची युक्ती मात्र मला लहान वाटत नाही. तिच्यावरच तो आज जेवतो. म्हणून सोबत स्किम ही रोजच्या कामांची गुणतालिकाही भरते. जेवण, आंघोळ, कपडे स्वतः किती जमतं, त्याचे गुण तिथे मिळतात.

ग्रास्पबद्दल तीन तक्रारी आहेत. प्रत्येक हात वेगळा तपासायचा, म्हणून दोन्ही हातांचं एकत्र काम दिसत नाही. आणि भात कालवून घास तोंडात घालणं यात कुठेच नाही. आपल्याकडचे पेशंट पहिल्यांदा तेच विचारतात. वेळही लागतो, पाऊण तास तरी धरा. घाईत केली तर खांदे दमतात आणि शेवटचे गुण उगाच कमी पडतात.

पेटी उघडण्याआधी गुणांची पद्धत पेशंटला नीट समजावून सांगा. त्या मुलाला मी ती नंतर सांगितली होती. आता आधी सांगते.