मराठी ऑडिओ बायबल, पोळ्या लाटता लाटता

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

मी इंदूरला भंवरकुआंकडे राहते आणि घरून डबे देते. गिऱ्हाईक म्हणजे कोचिंगची मुलं, दोन बँकवाले आणि एक एकटे राहणारे निवृत्त मास्तर. नऊच्या आत सगळे डबे दाराबाहेर पडतात, म्हणजे साडेपाचला कणीक परातीत पडलेली हवी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या दिवशी तर त्याच्याही आधी उठायचं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगतात, दिवसाची सुरुवात देवापासून करा, सकाळी शांतपणे वचन वाचा. पटतं. पण पिठाच्या हातानं बायबलचं पान उलटता येत नाही, आणि शांतता आमच्या गल्लीत मिळत नाही. म्हणून हात कामात असताना निदान कानावर तरी वचन पडावं, यासाठी हे ॲप फोनवर घेतलं. अशी दोन-तीन ॲपं आहेत, सगळी फुकट. माझं एक, मैत्रिणीचं दुसरं, वाचन जवळपास एकसारखंच, म्हणून नावात जात नाही.

मराठी हाच माझ्यासाठी मोठा मुद्दा. इथे उपासना हिंदीत होते. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. (अहिल्याबाईंचं चौंडी त्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे लग्न ठरलं तेव्हा "तूही त्यांच्याच वाटेनं चाललीस" असं सगळे म्हणायचे.) घरी ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हटली जायची, आजोबा रोज संध्याकाळी एक अध्याय मोठ्यानं वाचायचे. हिंदी उपदेश कळतो, चांगलाही असतो, पण "मी तुम्हांला खचीत खचीत सांगतो" हे कानावर पडलं की मी लाटणं थांबवून ऐकते. ते हिंदीत होत नाही.

वाचन स्पष्ट आहे. प्रत्येक पात्राला वेगळा आवाज दिला आहे, मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात वादळ खरोखर घोंघावतं. आता तक्रार. मागे सतत संगीत वाजतं आणि ते वेगळं बंद करता येत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर आणि वर हे व्हायोलिन, तर शब्द कुठले ऐकू येणार? वधस्तंभाच्या प्रसंगाला रडवायला वाद्यं लागत नाहीत हो. तारा गेला तो इथे. आणखी एक, निवेदक पुरुषच का? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना समजेल असं बायबल मराठीत आणलं, त्याचे छपाईचे खिळे (धातूची अक्षरं) जुळवून ते छापलंही तिथल्या बायकांनीच. एवढा वारसा असताना आमच्या कानात मात्र पुरुषाचाच आवाज!

काय ऐकावं, तेही सांगते. मार्क पोळ्यांच्या वेळेला उत्तम: सोळाच अध्याय, आणि येशू सारखा एका गावाहून दुसऱ्या गावाला चाललेला. नीतिसूत्रे भाजी चिरताना. एखादं वचन निसटलं तरी पुढचं सुटं असतं. 'पहिला इतिहास' या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे वंशावळ्याच, ते भांडी घासताना. रोमकरांस पत्र मात्र स्वयंपाकघरात लावूच नका. पौलाचं एक वाक्य संपेपर्यंत इकडे दूध उतू जातं. ते रात्री पुस्तकातून वाचावं. स्तोत्र ११९ ला १७६ वचनं आहेत, एका बैठकीत ऐकायचा हट्ट धरू नका. सकाळी साडेसातच्या सुमाराला नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत येते. २०१७ ला शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून त्या गाण्यापुढे कोणाचं काही चालत नाही, स्तोत्रं रचणाऱ्या दावीद राजाचंसुद्धा. तेवढा वेळ थांबवायचं, ओला-सुका कचरा देऊन यायचं, मग पुढे.

पण मला मुख्य सांगायचं आहे ते वेगळंच. ॲप चांगलं आहे, दिवसभर लावा, पण दिवसाची पहिली जागा त्याला देऊ नका.

एकदा मी बायबलातलं 'गणना' हे पुस्तक ऐकत होते. त्या पुस्तकात शिरगणत्या आणि छावण्या फार, लक्ष अर्धवटच होतं. पंधराव्या अध्यायात देव इस्राएलाला सांगतो, मी नेतो आहे त्या देशात पोहोचलात आणि तिथलं अन्न खाऊ लागलात, की कणकेच्या पहिल्या उंड्याची पोळी मला अर्पण करा. मी तेव्हा पहिलाच उंडा तोडत होते. गॅस मंद केला आणि मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा ऐकला. उरलेल्या कणकेतली नाही, शेवटची करपलेली नाही, पहिली. घरच्या बाईला माहीत असतं की पहिली पोळी काढून ठेवायची म्हणजे काय. तेव्हा तवा धड तापलेला नसतो, घाई सर्वात जास्त असते, बाहेर माणूस डब्यासाठी उभा असतो. नेमका तोच उंडा देव मागतो. शेवटी दिला असता तर काही अडलं नसतं, आणि म्हणूनच तो शेवटचा मागत नाही, असं मला वाटतं.

तर पोळ्या लाटताना ऐकलेलं वचन हे वचनच आहे, त्याचा फायदा मला रोज होतो. पण ते माझ्या कामाच्या जोडीनं चालतं, कामाच्या आधी नाही. शिवाय ॲप उघडायचं म्हणजे फोन उघडायचा. फोन उघडला की आधी दिसतं, "आंटी, आज टिफ़िन मत भेजना." मग दुसऱ्याचं, "आंटी, आज दो रोटी एक्स्ट्रा." ॲप सुरू होईपर्यंत माझ्या डोक्यात हिशोब सुरू झालेला असतो. यात ॲपचा दोष नाही, पण परीक्षण लिहायचं तर हे लिहायला हवं.

म्हणून माझ्या घरी क्रम असा आहे: फोन चार्जिंगला तसाच, हात कोरडे, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून छापील बायबलातला थोडा भाग आणि प्रार्थना. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग परात. मग ॲप. या दहा मिनिटांसाठी पोहे आदल्या रात्री निवडून ठेवावे लागतात, फुकट काही मिळत नाही. रविवारी सकाळचा डबा बंद. नवीन मुलगा नंबर घ्यायला आला की हे आधीच सांगते. रविवारी सगळं इंदूर पोहे-जिलबीवर असतं, उपाशी कोणी राहत नाही.

आता कोणी मला मार्था आणि मरियेची गोष्ट सांगायला येईल: मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतलेली, बहीण मरिया येशूच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि येशूनं मरियेचीच निवड चांगली म्हटली. येऊ नये. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू मार्थेला काय म्हणाले ते मला पाठ आहे, आणि त्या दिवशी त्या घरी जेवायला किती माणसं होती हा प्रश्न मी स्वर्गात गेल्यावर तिलाच विचारणार आहे.

ॲपचा खरा फायदा माझ्यापेक्षा सासूबाईंना झाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर त्यांना लागत नाही. दुपारी मी स्तोत्रं लावून देते, वेग थोडा कमी करून. ती सोय आहे, सेटिंगमध्ये शोधा. तरी त्या अधूनमधून म्हणतात, "सावकाश वाच रे बाबा, मी काही पळून जात नाही." त्यांच्यासाठी तारे विचाराल तर पाच, संगीतासकट. त्यांना ते आवडतं.

काही बारीकसारीक गोष्टी. हवी ती पुस्तकं वायफायवर आधी उतरवून ठेवा, मग नेट लागत नाही. मध्ये फोन आला की वाचन थांबतं आणि आपोआप पुन्हा सुरू होत नाही, उठून दाबावं लागतं. इयरफोन स्वयंपाकघरात नकोत, वायर तव्याकडे जाते आणि दारावरची हाक ऐकू येत नाही. छोटा स्पीकर घेऊन वरच्या फळीवर ठेवा. आणि घेताना असा बघा की चालू-बंद करायला एकच मोठं बटण असेल, कोपरानं दाबता येईल असं.