भर पावसाळ्यात घेतलेला माऊंट

ऑगस्टमध्ये पुण्यात चंद्रसुद्धा धड दिसत नाही. नेमका तेव्हाच मी एक जुना मोटरवाला इक्वेटोरियल माऊंट घेतला, म्हणजे आकाश फिरतं तशी दुर्बीण ताऱ्यामागे फिरवत नेणारी बैठक. ३८ हजार, यूपीआयने, बिल नाही. विकणाऱ्याने मृगातल्या तेजोमेघाचा फोटो दाखवला होता, त्यातला एकेक तारा सुईच्या टोकाएवढा. "८० मिमी भिंगाची दुर्बीण, हाच माऊंट, गायडिंग न करता ५ मिनिटांची एकच फ्रेम," असं तो म्हणाला. गायडिंग म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून माऊंटची चूक सतत सुधारत राहणं. घरी मोटर फिरते का, तेवढं मी पाहिलं. छान गुणगुणत होती.

दिवाळीच्या अमावास्येला भोरच्या पुढे गेलो. माझी १३० मिमीची आरशाची दुर्बीण, ६५० मिमी फोकल लेंथ. ३० सेकंदांच्या ६० फ्रेम घेतल्या, त्यातल्या जेमतेम १२ कामाच्या. बाकी सगळ्यांत ताऱ्यांचे तांदूळ झालेले. फोन केला तर म्हणाला, "स्टॅक करा हो, सरळ होतं सगळं!"

या एका वाक्यात माझे तीन आठवडे गेले. फ्रेम एकावर एक रचून जोडणाऱ्या, म्हणजे स्टॅक करणाऱ्या, डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये त्याच फ्रेम पुन्हा पुन्हा घालत बसलो. स्टॅकिंगने कमी होतो तो नॉइज (फोटोतला रवाळपणा), तोही फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने: १०० फ्रेम जोडल्या की दहावा हिस्सा उरतो. ओढला गेलेला तारा ओढलेलाच राहतो. मग त्याने दुसरं काढलं, "तुमचं पोलर अलाइनमेंट चुकतंय." म्हणजे माऊंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नीट रोखलेला नाही.

म्हणून डिसेंबरअखेर परीक्षाच घेतली. मृगाच्या बाणातला वरचा तारा खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. तो मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला उंच आल्यावर मुद्दाम माऊंटचा अक्ष ध्रुवापासून थोडा बाजूला वळवला आणि आयएसओ कमी करून ११ मिनिटांचं एक एक्स्पोजर दिलं. अलाइनमेंटच्या चुकीने तारा एकाच दिशेला सरकत जातो. इथे सरकता सरकता त्याने नागमोडी लाट काढली. म्हणजे मोटरची गती माऊंटला देणारा वर्म गिअरच (मळसूत्री दातेचाक) लडखडत होता. लाटेची उंची ७० पिक्सेल, माझ्या कॅमेऱ्यावर ८० विकलांच्या आसपास (एका अंशात ३६०० विकला). अशा माऊंटवर ५ मिनिटांची सरळ फ्रेम येणं शक्यच नाही.

आणि मग तो फोटो पुन्हा पाहिला. ठळक ताऱ्यांना चार टोकं होती! माझ्याही फोटोंत असतात. आरशाच्या दुर्बिणीत दुय्यम आरसा धरणाऱ्या पट्ट्यांमुळे ती येतात. भिंगाच्या दुर्बिणीत त्या पट्ट्या नसतातच. फोटो कोणाचा होता देव जाणे, त्या दुर्बिणीतला तर नव्हताच. ऑगस्टमध्ये तो माझ्या फोनवरच होता, हे जास्त लागतं.

त्याला हे लिहून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही.

जुना माऊंट घेणार असाल तर सजवलेला फोटो बाजूला ठेवा आणि कॅमेऱ्यातून निघालेल्या, एकामागून एक घेतलेल्या वीसेक रॉ फाइल मागा. एक्स्पोजरची वेळ त्यांतच लिहिलेली असते. आणि पैसे निरभ्र रात्री, तारा डोळ्यांदेखत तपासून.

आता मी त्यावर ५० मिमीची लेन्स लावतो. तिथे एका पिक्सेलमध्ये १५ विकला मावतात, मिनिटभराच्या फ्रेममध्ये खोट फारशी दिसत नाही. मध्यंतरी दोघांनी विचारलं, विकायचाय का. आधी त्यांना ती लाट दाखवली. एकाने लगेच नाही म्हटलं, दुसरा अजून घासाघीस करतोय.