एन्कोडर काही महिने वापरल्यावर: एडिट तपासणी भक्कम, सर्च जपून

अमेरिकन आरोग्य विम्याच्या क्लेमच्या कोडिंगसाठी (निदान आणि उपचारांना ठरलेले कोड देण्यासाठी) वेबवर चालणारा एक एन्कोडर, म्हणजे कोड शोधून तपासणारं सॉफ्टवेअर, गेले काही महिने रोज वापरात आहे. आयसीडी-१०-सीएम (निदानाचे कोड), सीपीटी (व्हिजिट आणि प्रक्रियांचे कोड), एचसीपीसीएस (औषधं, साहित्य वगैरेंचे कोड) आणि एनसीसीआय एडिट्स (कोणते कोड एकत्र बिल करता येत नाहीत याचे नियम) एकाच ठिकाणी मिळतात. पैसे वसूल होतात ते एडिट तपासणीमुळे. सर्च मात्र जपून वापरावा लागतो.

'डायबेटिस सीकेडी' (मधुमेह आणि किडनीचा दीर्घकालीन आजार) टाइप केलं की ई११.२२ सगळ्यात वर येतो. तोच उचलून पुढे गेलात तर कोडिंग अर्धवट राहतं. टॅब्युलरमधली (कोडच्या क्रमवार यादीतली) नोट उघडल्यावर कळतं की सोबत एन१८ मधला किडनीच्या आजाराच्या स्टेजचा कोडही हवा: ३ए असेल तर एन१८.३१, ३बी असेल तर एन१८.३२. रुग्णाला उच्च रक्तदाबही असेल तर आय१० (नुसता उच्च रक्तदाब) चालत नाही, या स्टेजना आय१२.९ द्यावा लागतो. इन्सुलिन कायमचं चालू असेल तर झेड७९.४ आलाच. चार्टमधल्या एका ओळीचे चार कोड होतात आणि सर्च दाखवतो एक. नोट्स आपोआप उघडण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करा.

एडिट तपासणी मात्र मनापासून आवडली. गुडघ्यातल्या इंजेक्शनचा २०६१० आणि त्याच दिवशीच्या ओपीडी व्हिजिटचा ९९२१३ एकत्र टाकले की कोडची जोडी आणि तिचा इंडिकेटर १ लगेच दिसतो. इंडिकेटर ० असेल तर कुठलाच मॉडिफायर (दोन्ही कोड वेगळे बिल करण्यासाठी कोडला जोडायची खूण) उपयोगाचा नाही. १ असेल तर मॉडिफायर लावता येतो, पण त्याला नोंदीचा आधार हवा. तपासणी इंजेक्शनपुरतीच झाली असेल तर ९९२१३ वर मॉडिफायर २५ (त्याच दिवशी वेगळी तपासणीही झाली असं सांगणारा) लावू नये. ऑडिटमध्ये हेच आधी पाहतात.

याच क्लेममध्ये औषधाची युनिट्स हुकतात. जे३३०१ (ट्रायमसिनोलोन या इंजेक्शनच्या औषधाचा कोड) चं एक युनिट १० मिलिग्रॅमचं, म्हणजे ४० मिलिग्रॅम दिलं तर ४ युनिट्स. एन्कोडर हा हिशोब करत नाही. एमयूई (युनिट्सच्या कमाल मर्यादेची तपासणी) जास्त युनिट्स पकडतो; १ लिहिलं तर क्लेम बिनबोभाट पास होतो आणि तीन युनिट्सचे पैसे बुडतात. क्लेम नाकारला जात नसल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात मोठी तक्रार तारखेची. स्क्रीन आजच्या तारखेनं उघडतो, कोड मात्र डीओएसला (सेवा दिल्याच्या तारखेला) लागू असलेला हवा. आयसीडी १ ऑक्टोबरला बदलतो, थोडा १ एप्रिललाही. सीपीटीचा मुख्य बदल १ जानेवारीला, एनसीसीआय दर तिमाहीला. सप्टेंबरच्या व्हिजिटचं कोडिंग ऑक्टोबरमध्ये करताना तारीख बदलली नाही, तर तेव्हा अस्तित्वात नसलेला कोड जातो आणि क्लेम परत येतो. इनपेशंटला (दाखल रुग्णाला) आयसीडीसाठी डिस्चार्जची तारीख धरायची.

एडिट्स मेडिकेअरचे (अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य विम्याचे) आहेत हेही ध्यानात ठेवा. खासगी विमा कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात. तिथे हिरवी खूण दिसली तरी त्या कंपनीची पॉलिसी उघडून पाहावीच लागते.