खर्च वाचवणारा बदल : थेट पूर्ण प्रस्ताव की आधी दोन पानी टिपण?

साबांखाच्या (सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) कामात स्वस्त पर्याय सुचला की कंत्राटदारापुढे दोन वाटा असतात. नकाशे, गणिते, नवी बीओक्यू (कामांच्या प्रमाणांची व दरांची यादी) जोडून एकदम पूर्ण प्रस्ताव द्यायचा, किंवा टिपण देऊन तत्त्वतः होकार घ्यायचा आणि मगच डिझायनर लावायचा.

त्याआधी करार उघडा. फिडिक या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या नमुना करारातल्या (रेड बुक) कलम 13.2 नुसार कायम कामाची रचना बदलून झालेल्या बचतीतून दर्जा, आयुष्य यांतली घट वजा करतात आणि उरलेल्याचा निम्मा भाग कंत्राटदाराला मिळतो. साध्या आयटम-रेट (बाबवार दराच्या) करारात असे कलम नसेल तर प्रमाण घटते तेवढे बिल घटते, बस्स. तिथे दोन्ही वाटा तोट्याच्याच. ईपीसीत (डिझाइनपासून बांधकामापर्यंत सारे कंत्राटदाराकडे) रक्कम ठोक, म्हणून विनिर्देश सांभाळून केलेली बचत मुळातच कंत्राटदाराची.

आता धरा, खाडीकाठी 2 कोटींची आरसीसी संरक्षक भिंत आहे आणि गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत, 1.60 कोटीत बसते. बचत 40 लाख, निम्मा वाटा 20. डिझाइन व माती तपासणीचे 6 लाख कंत्राटदाराच्याच खिशातून, म्हणजे हाती 14. कागदावर छान! पण जाळीत जांभा भरून चालत नाही. भिजून-सुकून तो झिजतो, तुकडे जाळीतून निसटतात आणि भिंत खचते. काळा दगड लागतो, त्याचे लीड (वाहतुकीचे अंतर) दरात धरलेले नसते. खाऱ्या पाण्यात नुसती गॅल्वनाइज्ड तार गंजते, वर पीव्हीसीचे आवरण हवे. पायथा खाजनाकडे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीकडे) सरकला तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी क्षेत्रातल्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न वेगळाच. पूर्ण प्रस्तावात हे आक्षेप 6 लाख घालवल्यावर कळतात. टिपणात खाणीचा दर आणि हद्दीची मोजणी एवढ्यावरच कळतात.

म्हणून रचना बदलत असेल तर टिपणच. जागेवर ओतायच्या गटाराऐवजी त्याच छेदाचे प्रीकास्ट बसवायचे असेल तर मात्र पूर्ण प्रस्ताव बरा. दोन फेऱ्यांत महिने कशाला घालवा?

टिपणाची खरी अडचण वेळेची. पाया जूनच्या आत उरकायचा तर ते नोव्हेंबरातच खात्यात पोचायला हवे. त्यात दोन्ही पर्यायांचा देखभालीसह खर्च एकाच तक्त्यात द्या. लेखापरीक्षणाच्या धाकामुळे कार्यकारी अभियंता तोच आधी शोधतो. निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा तेही लिहा. तोवर काम मूळ नकाशाप्रमाणे चालूच ठेवायचे, कारण उत्तराची वाट पाहत थांबायला फिडिकही मुभा देत नाही.