धारावीचं निसर्ग उद्यान, प्रायमरीच्या मुलांना घेऊन जाच

मुंबईत दुसरी-तिसरीच्या मुलांना माती, किडे, झाडं जवळून दाखवायची असतील तर धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानासारखी जागा नाही. सायन-बांद्रा लिंक रोडला धारावी डेपोजवळच आहे, सायन स्टेशनवरून सोपं पडतं. झोपाळे-घसरगुंड्या हव्या असतील तर दुसरीकडे जा, इथे खरंखुरं जंगल आहे, 37 एकर, आणि तेही डंपिंग ग्राउंडवर उभं केलेलं!! 1983 ला झाडं लावायला सुरुवात झाली आणि 1994 ला उद्यान लोकांसाठी उघडलं. मुलांना हे घरी नका सांगू, आत सावलीत उभं करून सांगा. माझी भाची लगेच म्हणाली, "मग कचरा गेला कुठे?" आता या एका प्रश्नावरून पालापाचोळा कसा कुजतो, प्लास्टिक का कुजत नाही, गांडूळ काय करतं, सगळं तिथेच पानं उचलून बघत बघत बोलणं झालं, परिसर अभ्यासाचा धडा वाचून ती इतकं कधीच विचारत नाही.

उंबर नक्की दाखवा. फळं थेट खोडाला लागतात हे चित्रात बघितलं तरी डोक्यात राहत नाही, हात लावला की राहतं. खाली पडलेलं फळ फोडलं तर आत बारीक किडे, पोरं आधी ईईई करतात आणि मग या किड्यांशिवाय उंबराला बी धरत नाही म्हटल्यावर परत डोकं घालून बघायला लागतात. पुढे मिठी नदीच्या बाजूला तिवरं दिसतात, ती भरतीच्या खाऱ्या पाण्यात कशी जगतात ते सांगा. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात आपण सगळ्यांनी हीच नदी बघितलीय, मुलांना ते माहीत असायला हवं.

एक कळकळीने सांगते, शाळेची ट्रिप असेल तर बाईंनी प्लीज लायनीत पळवत नेऊ नका, आणि हातात वर्कशीट तर अजिबात देऊ नका, मुलं मग झाडाकडे बघतच नाहीत नुसत्या रिकाम्या जागा भरतात. एका मुंग्यांच्या रांगेपाशी वर्ग अर्धा तास बसला तरी चालेल, बाकीचं उद्यान पुढच्या वेळी.

फुल पॅन्ट आणि पाण्याची बाटली मस्ट, डास असतात. मोठा ग्रुप असेल तर आधी विचारून जा. पाऊस सरता सरता गेलात तर फुलपाखरं भरपूर, सकाळी ऊन पडल्यावर जा.