खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर: फिजिओथेरपिस्ट घरी बोलवावा की केंद्रात जावे?

मानेवाड्यातील आमच्या शेजारच्या काकूंचा खुब्याचा सांधा नुकताच बदलला असून, व्यायाम घरी करावा की केंद्रात, यावर त्यांच्या घरात एकमत होत नाही.

घरभेटीचे शुल्क जास्त असते. मात्र जाण्यायेण्याचे ऑटोभाडे आणि सोबत येणाऱ्याची रजा धरली, तर फरक बराच कमी होतो. प्रवास हा अधिक गंभीर मुद्दा आहे. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असल्यास सुरुवातीचे साधारण ६ आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नये असे बहुधा सांगितले जाते, आणि बुटक्या सीटवर बसताना नेमके तेच घडते. त्यात मे महिन्यातले नागपूरचे ४५ अंशांचे ऊन! शिवाय घरी येणारा थेरपिस्ट पलंगाची उंची आणि जिन्याच्या पायऱ्याही पाहतो.

ताकदीच्या बाबतीत मात्र केंद्र सरस ठरते. कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू दुर्बळ राहिला की चालताना शरीर झुकते, आणि तो बळकट करायला भार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. काकू खिडकीचा गज धरून पाय बाजूला उचलतात तेव्हा धडच कलते, पाय जेमतेम वीतभर सरकतो. केंद्रातल्या आरशासमोर ही चूक त्यांची त्यांनाच दिसेल.

वॉकरवर असलेल्या किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या रुग्णाने घरभेटच घ्यावी. काठी सुटू लागली आणि शल्यचिकित्सकांनी भार वाढवण्यास परवानगी दिली, की केंद्र गाठावे. काकूंनाही मी हाच क्रम सुचवला आहे.