‘सत्याग्रह’ ऑपेरा, मेटचं २०११ चं रेकॉर्डिंग: जरूर बघा
ऑपेराचा विषय म्हणजे प्रेम, खून, राजेरजवाडे एवढंच माझ्या डोक्यात होतं, पण अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासने १९८० साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेल्या या ऑपेरासाठी विषय निवडला गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं आणि शब्द कुठले तर थेट गीतेतले, तेही संस्कृतमध्येच! न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराचं रेकॉर्डिंग परवा बघितलं. सुरुवातीलाच गांधीजी ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं’ गायला लागतात, आजीने लहानपणी पाठ करून घेतलेला पहिला अध्याय, अंगावर काटाच आला. जोडाक्षरं मात्र सुरात विरघळून जातात, ते जरा खटकलं. गोष्ट सरळ पुढे जात नाही, त्यामुळे १९०८ मध्ये जोहान्सबर्गला तिथल्या भारतीयांनी सरकारी नोंदणीची सर्टिफिकेटं जाळली तो प्रसंग आधी वाचून घ्या, नाहीतर काय चाललंय तेच कळणार नाही. वर्तमानपत्राच्या कागदातून उभे राहणारे अवाढव्य बाहुले तर बघतच राहावेत असे. आणि शेवट! ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि’ वर तीच चढती सुरावट परत परत येते, मागे उंचावर गांधीजींचा मार्ग अमेरिकेत पुढे नेणारे मार्टिन ल्यूथर किंग पाठमोरे उभे, मी अक्षरशः रडले. निवांत वेळ काढून हेडफोन लावूनच बसा.